मेन वॉल कुठंय?

(रजत महोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'सोसायटीची पंचवीस वर्षांची वाटचाल' असा विषय छापला आहे. त्यावर माझ्याआधी दोघं बोलले आणि चांगलं बोलले. १९९९ साली नोंदणी झाली तेव्हा इथं काटेरी बाभळी होत्या, रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखलातून चप्पल हातात घेऊन यावं लागायचं, हे सगळं सांगून झालं आहे. तेच पुन्हा सांगून तुमचं जेवण लांबवत नाही. समितीची परवानगी न घेता विषय बदलतो. मी आज पाण्याच्या वॉलवर बोलणार आहे.

हसू नका. पुस्तकात त्याला वॉल्व्ह म्हणतात, आपल्याकडं सगळे वॉलच म्हणतात, म्हणून मीही वॉलच म्हणतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पाणी सोडणं आणि पाणी बंद करणं, एवढ्या दोनच गोष्टी मी आयुष्यभर केल्या. पैकी सोडण्याला हार-तुरे मिळतात. आवर्तन सुटलं की नारळ फुटतो, फोटो निघतो. बंद करणाऱ्याचा फोटो मी अजून बघितला नाही.

एका फोनपासून सुरुवात करतो.

१७ फेब्रुवारी २०२१. रात्रीचे साडेनऊ. आमची धाकटी मुलगी अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को म्हणून गाव आहे, तिथं असते. तिकडं सकाळचे दहा वाजलेले. तिचा व्हिडिओ कॉल आला आणि पहिलंच वाक्य, "बाबा, छतातून पाणी यायलंय!"

टेक्सास म्हणजे आपल्यासारखाच उष्ण मुलूख. उन्हाळ्यात चाळीसच्या पुढं जातं. तिथली घरं उन्हाचा विचार करून बांधलेली, थंडीचा नाही. त्या आठवड्यात उत्तरेकडून अशी थंडी उतरली की १६ तारखेला डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंशांपर्यंत गेला. त्याच्या आदल्या दिवशी मध्यरात्रीनंतर विजेची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ बसेना म्हणून भारनियमन सुरू झालं. अमेरिकेत भारनियमन! आपल्याला त्याचं काही वाटत नाही, इन्व्हर्टर लावून आपण टीव्ही बघत बसतो. पण तिथं घर गरम ठेवायला वीज लागते. चाळीस-पंचेचाळीस लाख ठिकाणची वीज गेली आणि काही घरांत तर दोन-तीन दिवस आलीच नाही. सरकारी आकड्यानुसार त्या वादळात २४६ माणसं गेली, त्यात बरीचशी थंडीनं.

आता पाइप का फुटतात ते सांगतो, कारण मलाही त्या रात्रीपर्यंत ते अर्धवटच माहीत होतं. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे नऊ टक्के जास्त जागा घेतो. आपल्याला वाटतं बर्फ आतून ढकलतो आणि पाइप तडकतो. तसं होतंही, पण बहुतेक वेळा प्रकार निराळा असतो. पाइपात एका जागी बर्फाचा बूच तयार होतो. तो बूच वाढत जातो आणि त्याच्यापुढचं, बंद नळापर्यंतचं पाणी कोंडीत सापडतं. पाणी दाबलं जात नाही, हे कालव्यावरच्या बिगाऱ्यालाही माहीत असतं. मग दाब वाढतो आणि जिथं कच्चं असेल तिथं पाइप उलतो, अगदी बर्फ नसलेल्या जागीसुद्धा. म्हणून थंडीच्या मुलखात रात्री नळ थेंब-थेंब चालू ठेवायला सांगतात. थेंबामुळं दाबाला वाट मिळते. लेहसारख्या ठिकाणी तर हिवाळ्यात पाइप रिकामेच करून ठेवतात. त्यात पाणीच नाही तर गोठणार काय?

आणि यातली खरी फसवणूक पुढं आहे. पाइप फुटतो थंडीत, पण कळतं ऊब आल्यावर. गोठलेलं असेपर्यंत बर्फच बूच होऊन बसलेला असतो. मुलीच्या घरी वीज आली, हीटर सुरू झाला, घर गरम झालं, सगळ्यांनी "सुटलो बाबा" म्हणून चहा ठेवला, आणि तासाभरानं बर्फ वितळून छतातून धार लागली. तिकडं छताच्या वर पोटमाळ्यासारखी जागा असते आणि टेक्सासमध्ये पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप तिथूनच नेलेले असतात.

मी तिला विचारलं, "मेन वॉल कुठंय?"

ती म्हणाली, "मला काय माहीत, बाबा!"

त्या घरात राहायला येऊन तिला चार वर्षं झाली होती. जावई इंजिनिअर आहेत, पण कॉम्प्युटरचे. ते मोबाईलवर शोधायला लागले, ती बादल्या लावायला लागली, नात रडायला लागली. मी इथं माजलगावात खुर्चीवर बसून, ज्यानं तीस वर्षं गेटं खालीवर केली तो माणूस, फोनच्या पडद्यावर ते पाणी बघत होतो. छताचा पांढरा पुठ्ठ्यासारखा भाग आधी फुगला, मग फाटून खाली आला. तो आवाज फोनमधूनही ऐकू आला.

मी म्हटलं, आधी विजेचा मेन बंद कर, हात कोरडे असतील तरच. तो तिला माहीत होता. मग पाण्याचा. घराच्या आत सापडला नाही. शेवटी समोरचे एक म्हातारे गृहस्थ, उत्तरेकडच्या थंड राज्यातून तिथं राहायला आलेले, फावडं आणि टी आकाराची लांब लोखंडी किल्ली घेऊन आले. अंगणाच्या कडेला, फुटपाथजवळ जमिनीत मीटरची पेटी होती. तिच्यावर बर्फ. तो उकरला, झाकण गोठलेलं होतं ते ठोकून उचकटलं, आत हात घालून किल्ली पाव फेरा फिरवली. आणि धार थांबली. पाव फेरा! फोन आल्यापासून तोपर्यंत सव्वीस मिनिटं गेली होती. त्या सव्वीस मिनिटांत दोन खोल्यांचं छत, गालिचे, नातीची पुस्तकं, सगळं गेलं. सगळ्या खालच्या मजल्याची दुरुस्ती व्हायला पुढं पाच महिने लागले.

त्या आजोबांनी पुढं केलं ते मला फार आवडलं. वॉल बंद केल्यावर ते घरात आले आणि त्यांनी सगळ्यात खालचा नळ सोडला, बाहेरच्या भिंतीचाही सोडला. मुलगी म्हणाली, "आता पाणी बंद केलंय ना, मग नळ कशाला?" मी फोनवरून सांगितलं, बरोबर करायलेत ते. पाइपात उरलेलं पाणी त्यांना वाट देऊन काढायचं होतं. कालवा फुटला की आम्ही हेच करतो. फुटलेल्या जागेवर पोती घेऊन पळणारे पुष्कळ असतात, पण खरं काम वरच्या अंगाला असतं. फुटीच्या वरचं पहिलं गेट पाडायचं आणि एस्केप उघडायचा, म्हणजे कालव्यात आहे ते पाणी नाल्याला निघून जातं. त्यांनी पाणी तापवायच्या टाकीचा गॅसही बंद केला. रिकामी टाकी तापत राहिली तर दुसरंच काहीतरी होऊन बसायचं.

आणखी एक गोष्ट. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये एक कोटीहून जास्त लोकांना पाणी उकळून प्या म्हणून सांगावं लागलं. कारण काय, तर काही ठिकाणी वीज नसल्यानं शुद्धीकरण केंद्रं बंद पडली, आणि घराघरांतले हजारो पाइप एकाच वेळी फुटून वाहायला लागल्यानं शहरांच्या मोठ्या लाइनीतला दाबच गेला. दाब गेला की बाहेरची घाण आत शिरू शकते. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या घरात पाणी शिरलंय, नुकसान आपलं आहे. पण त्याच वेळी ते पाणी सगळ्या गावाच्या लाइनीतून चाललेलं होतं.

फोन ठेवला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "तिला एवढं रागावलात, आपला कुठंय?"

मी म्हटलं, "मला माहीतंय की! स्वयंपाकघरात, ओट्याखाली."

टॉर्च घेऊन गेलो. ओट्याखाली २०१९ साली आम्ही नवीन ट्रॉल्या बसवल्या. सुतारानं मागं प्लायवूड ठोकलेलं. वॉल त्याच्या मागं, भिंतीत! मीच उभं राहून करून घेतलेलं काम. दुसऱ्या दिवशी त्याच सुताराला बोलावून ते प्लायवूड वीतभर कापून घेतलं. आज कुणी आलात तर दाखवतो. दिसायला वाईट दिसतं, पण हात जातो.

आता तुम्ही म्हणाल, माजलगावात बर्फ कुठला? बरोबर आहे. परभणीला पारा चार-पाच अंशांवर आला तरी आपण पेपरात वाचून शेकोटी पेटवतो. पाइप गोठत नाहीत. पण फुटतात की नाही? गच्चीवरचा पीव्हीसी पाइप आठ-दहा उन्हाळे खाऊन खडूसारखा ठिसूळ होतो, त्यावर वाळवणाची खाट टेकवली तरी तडकतो. मोटार एकदम बंद झाली की वर चढलेलं पाणी मागं आपटतं आणि 'धप्प' असा आवाज येतो, तो तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. तो आवाज म्हणजे पाइपाला बसलेला हातोडा असतो. आणि आपला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हवा. चार-सहा दिवस पाइप कोरडे राहतात, मग अचानक पाणी येतं, आत कोंडलेली हवा पुढं ढकलली जाते, नळ फुसफुसतात, थडथडतात. त्या वेळी बेसिनखालची, कमोडजवळची ती प्लास्टिकची कनेक्शन पाइप निसटते नाहीतर चिरते. दुष्काळात पाइप जास्त फुटतात, हे ऐकायला उलटं वाटतं, पण मी बघितलंय.

आणि तेच मला आज सांगायचं आहे. इथून पुढचं मी हसत बोलू शकणार नाही.

२०१६ चा मे. तुम्हाला सांगायला नको. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आपल्या माजलगाव धरणात जिवंत साठा शून्य. सिंदफणेवरचं हे धरण, जायकवाडीचा दुसरा टप्पा, पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणीही त्यातच येतं. पण त्या साली पैठणही रिकामं होतं. बीड शहर याच धरणाचं पाणी पितं. मृतसाठ्यातलं गढूळ पाणी उपसून चाललं होतं. आपल्याकडं वर्गणी काढून टँकर, चोवीस घरांना एक टँकर, तोही चार दिवसांआड. मी सचिव होतो.

त्या रात्री अकरा वाजता टँकर आला. दहा हजार लिटर हौदात घेतलं. बारा वाजता मोटार लावली आणि वॉचमनला सांगितलं, टाकी भरली की बंद कर. उन्हाळ्याचे दिवस, आम्ही सगळे पुरुष, पोरंसोरं गच्चीवर झोपलेलो. मी टाकीपासून पाच-सहा हातांवर होतो.

तीनच्या सुमाराला खालून हाक आली. पहिल्या मजल्यावरच्या काकू. गुडघ्यामुळं त्या वर येत नसत, घरातच झोपायच्या. "अरे लेकरांनो, उठा रे! माझी ज्वारी भिजायलीय!"

त्यांच्या वरचा फ्लॅट कुलूपबंद होता, मंडळी लग्नाला गावी गेलेली. कोरड्या पाइपात पाणी आलं, हवेनं धक्का दिला आणि बेसिनखालची कनेक्शन पाइप चिरली. बारा-साडेबारापासून पाणी वाहत होतं. ते दाराखालून जिन्यात आलं आणि स्लॅबमधून काकूंच्या मागच्या खोलीत. त्या खोलीत ज्वारीची तीन पोती होती. त्या साली शेतातून आलेली एवढीच. तीन पोती.

मी वर धावलो. टाकीतून खाली सहा पाइप उतरतात. कोणता कुणाचा, एकावरही खूण नाही. अंदाजानं तिसरा धरला. वॉल जुन्या पद्धतीचा, चाकी फिरवायचा. फिरेना. वॉचमन म्हणाला, "साहेब, वाल फिरंना, गंजलाय." मी मोठा पान्हा आणला, लावला, जोर दिला, आणि चाकी दांडीसकट हातात आली. सतरा वर्षांत तो वॉल एकदाही फिरवलेला नव्हता.

आणि तेवढ्यात लक्षात आलं की खाली मोटार अजून चालूच आहे. वॉचमनला झोप लागली होती. टाकी भरत नव्हती, म्हणून तो थांबायचा प्रश्नच आला नाही. वरून पाणी चाललंय आणि खालून आपण हौदातलं वर चढवतोय! पळत जाऊन मोटार बंद केली. ते मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. तीस वर्षांच्या नोकरीचा माणूस पान्हा शोधत बसला.

शेवटी ज्या बाईच्या ध्यानात आलं ती इथं बसली आहे, तिला नाव घेतलेलं आवडणार नाही. ती गच्चीच्या दारात उभी राहून ओरडली, "सगळ्यांनी आपापले नळ सोडा, भांडी भरा!" पाच मिनिटांत चोवीस घरांत दिवे लागले. घागरी, बादल्या, पातेली, कुकर, लहान मुलांचे टब, एकानं तर रिकामी पेटी धुऊन भरली. खालच्या मजल्याचे नळ सुटले की वरच्या फुटलेल्या जागेचा दाब कमी होतो, हे शास्त्र आहे. पण तिनं शास्त्रानं नाही, दुष्काळानं शिकवलं म्हणून सांगितलं. वरची धार बारीक झाली. मग एका पोरानं गच्चीवरून उतरून त्या फ्लॅटच्या खिडकीची काच काढली, आत शिरला आणि फुटक्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला.

नंतर मी बादली लावून मोजलं होतं. तसल्या उघड्या तोंडातून पंधरा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरते. तासाला तेराशे लिटरच्या वर. तीन तासांत चार हजार लिटर तरी जमिनीवर गेलं. चार दिवसांच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं.

काकूंनी ती ज्वारी गच्चीवर वाळत घातली. दोन पोत्यांना काळा वास लागला तो गेला नाही. जनावरांना घातली. काकू मला काही बोलल्या नाहीत. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाण्यानं गेली रं ज्वारी, दुष्काळात." पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी माझ्या हातानं लिहिलंय, 'तांत्रिक बिघाडामुळे पाण्याची हानी झाली.' ते इतिवृत्त आजच्या प्रदर्शनात मांडलेल्या फाइलींत आहे, कुणीही बघावं. तांत्रिक बिघाड काही नव्हता. वॉल फिरवून बघणं हे सचिवाचं काम होतं, त्या सतरा वर्षांपैकी शेवटची चार माझी होती. काकू मागच्या वर्षी गेल्या. त्यांचे चिरंजीव समोर बसलेत. त्यांच्यापुढं हे सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.

त्यानंतर २०१७ मध्ये ठराव झाला. चर्चा दोन सभा चालली, कारण खर्च कुणी करायचा. उपविधीप्रमाणं बाहेरची सामाईक लाइन, टाकी, मोटार सोसायटीची. घराच्या आतली गळती ज्याची त्यानं बघायची. त्यावर एक सभासद म्हणाले, पाणी भिंत ओलांडताना उपविधी वाचतं का? सभागृह हसलं, पण मुद्दा खरा होता. शेवटी टाकीखालचे सहाही वॉल बदलले, पितळी बॉलवॉल बसवले, लाल दांडीचे. त्यांचा फायदा असा की लांबून बघूनही कळतं. दांडी पाइपाच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. पाव फेऱ्याचं काम. जुन्या चाकीच्या वॉलला किती फेरे झाले, पूर्ण बसला की नाही, काहीच कळत नाही, आणि लोक तो अर्धा उघडा ठेवतात, त्यानं आतली पाती झिजते. प्रत्येक पाइपावर आम्ही रंगानं नंबर टाकले.

पण घराघरांतले राहिले ते राहिलेच. फ्रिस्कोच्या फोननंतर मी ठरवलं, सगळ्या घरांत जाऊन बघायचं. तर कोरोनाचे दिवस, कोण घरात घेणार? त्या साली दिवाळीनंतर फिरलो. चोवीसपैकी नऊ घरांत वॉल दिसला आणि फिरला. सहा घरांत दिसला, पण फिरेना. बाकीच्यांत कपाटामागं, फरशीखाली किंवा 'प्लंबरला माहीत असेल'. आणि गच्चीवर गेलो तर आपण टाकलेले नंबर उन्हानं उडून गेलेले, दोन दांड्या गंजलेल्या. चारच वर्षांत!

धरणाची गेटं पावसाळ्याआधी दरवर्षी चालवून बघतात. तेल, ग्रीस, थोडं उचलायचं, परत पाडायचं. गेट बिघडलेलं असतं म्हणून नाही. नुसतं उभं राहिलं की लोखंड धरतं म्हणून. आपला वॉलही तसाच. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, पूर्ण बंद करा आणि पूर्ण उघडा. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतोच. फिरत नसेल तर जोर देऊ नका, माझी चाकी आठवा. थोडं तेल सोडा, दुसऱ्या दिवशी थोडं इकडं, थोडं तिकडं करा. नाहीच फिरला तर टाकी रिकामी असेल त्या दिवशी बदलून घ्या. टाकी रिकामी असायचे दिवस आपल्याकडं कमी नाहीत!

गावी जाताना, लग्नाला जाताना, चार दिवस कुलूप लावताना घरातला वॉल बंद करून जा. गॅसचा रेग्युलेटर आपण न विसरता बंद करतो, कारण त्याची भीती वाटते. आणि किल्ली शेजारी ठेवा. अविश्वास असेल तर बंद पाकिटात सही करून ठेवा, पण ठेवा. काच काढणारं ते पोर आता पुण्यात नोकरीला आहे.

कधी फुटलंच तर मोटार बंद, मग वॉल बंद, मग खालचा नळ सोडायचा. छतातून, पंख्याजवळून पाणी येत असेल तर सगळ्यांच्या आधी विजेचा मेन, आणि ओल्या हातानं नाही. गीझर बंद. पाणी परत सुरू करताना वॉल हळूहळू उघडा, एक नळ आधी सोडून ठेवा, म्हणजे हवा निघून जाईल. एकदम उघडलात तर दुसरी कनेक्शन पाइप जाईल. हे मी काल एका पुठ्ठ्यावर लिहून काढलंय, जिन्याखाली मोटारीच्या बटणाशेजारी लावलंय. अक्षर माझं आहे, वाचायला त्रास होईल, नव्या समितीनं हवं तर टाइप करून घ्यावं.

नव्या सभासदांपैकी एक जण मला परवा म्हणाले, "काका, आता ते मोबाईलवरून बंद होणारे वॉल मिळतात." मिळतात, चांगले असतात. घ्या. पण त्यांनाही महिन्यातून एकदा हातानं फिरवा, कारण आपल्याकडं लाइट कधी जाईल आणि रेंज कधी जाईल हे धरणालाही ठाऊक नसतं.

मुलीचं पत्र आलं होतं, म्हणजे मेसेज. तिनं ती टी आकाराची किल्ली विकत घेतली आणि दाराच्या मागं टांगून ठेवली आहे. नात आता सात वर्षांची झाली. घरी पाहुणे आले की ती त्यांना अंगणात नेऊन झाकण दाखवते म्हणे. मागच्या उन्हाळ्यात इथं आली तेव्हा आल्या-आल्या मला विचारलं, "आजोबा, तुमचा वॉल कुठंय?" मी तिला ओट्याखालचं कापलेलं प्लायवूड दाखवलं. तिनं हात घालून बघितला आणि म्हणाली, घट्ट आहे.

घट्टच होता. पाडवा चुकला होता माझा.

आचारी आत्ता खुणेनं सांगतोय की पुऱ्या तळायला अजून अर्धा तास आहे. मी टॉर्च आणि तेलाची बाटली आणली आहे. इथून मी गच्चीवर जाणार, सहा पाइपांवर आज नवे नंबर टाकायचे आहेत, रंगाचा डबा वर ठेवलाय. सध्याच्या सचिवांनी माझ्याबरोबर यावं, आणि ज्यांना आपला पाइप कोणता ते माहीत नाही त्यांनीही. पोरांनो, तुम्ही आधी चला, जिन्यात सायकली आहेत त्या बाजूला घ्या.